जयू, तिसऱ्या प्रकरणाबद्दल

जयू,

सभेत तुझा फोटो ताणलेला होता. प्रवेश अर्जावरचा पासपोर्ट साइज फोटो कुणीतरी फ्लेक्सवर घेतला आणि चौकट भरावी म्हणून नुसता आडवा ओढला. तुझा चेहरा परातीसारखा पसरला होता. त्यावर झेंडूची माळ, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली विभागाचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला रडू यायला हवं होतं, पण किळस आली. चार वर्षं हे लोक आपल्याला चित्र कसं लहान-मोठं करायचं, कसं फिरवायचं ते शिकवत होते. आणि त्यांना एक फोटो दोन्ही बाजूंनी सारखा मोठा करता आला नाही. तू असतीस तर कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "ए नामपूर, बघ गं, मला एक्समध्ये ताणलंय, वायला विसरले."

चार वर्षांत तू मला नावानं फार कमी वेळा हाक मारलीस. गावांच्या नावांवरून मी नामपूर आणि तू सुरगाणा. पंचवटीतल्या त्या खोलीत पहिल्या दिवशी आपण दोघी आपापल्या ट्रंकेवर बसून होतो, कुणी आधी बोलायचं ते ठरत नव्हतं. तुझ्या घरात बारावीच्या पुढं गेलेली तू पहिली आणि माझ्या घरात मी. कॉलेजात काय विचारलं तर चालतं आणि काय विचारायचं नसतं, हे दोघींनाही माहीत नव्हतं. मी त्यावर गप्प राहायचा मार्ग काढला. तू विचारायचा काढलास.

सभेत आपले गाइड सर बोलायला उठले. ते म्हणाले, "जयवंती आता आपल्यासाठी पॉइंट ॲट इन्फिनिटी झाली आहे. जिथं सगळ्या समांतर रेषा मिळतात, तिथं ती आहे." काहींनी रुमाल काढले. माझ्या शेजारी बसलेला, आपल्या प्रोजेक्टमधला प्रथमेशसुद्धा डोळे पुसत होता. मला तिथं बसवेना, जयू. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. कारण मला तिसऱ्या वर्षातला तो तास आठवला. याच सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, बिंदू म्हणजे एक्स, वाय, आणि शेवटी एक. तू हात वर केलास.

"सर, तो तिसरा आकडा एकच का? दोन का नाही?"

"तुला दोन आवडतो का? मग दोन घे."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, हे तुला कधी सांगितलं नाही. तू खाली बसलीस. चेहऱ्यावर राग नव्हता. वही पुढं ओढून मला हळूच विचारलंस, "खरंच घेता येईल का गं दोन?"

होमोजिनिअस कोऑर्डिनेट्स आपल्याला त्या थट्टेतून कळले. पुस्तकातून नाही आणि सरांकडून तर नाहीच.

आधी तू मला एक का हवा ते समजावलंस. आपण मंडईतून मेथी आणली होती आणि जमिनीवर बसून निवडत होतो. तू वहीत एक चौकोन काढलास, त्याचा एक कोपरा शून्य-शून्यवर. म्हणालीस, "हा चौकोन फिरव, मोठा कर, तिरपा कर. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सनं गुणलं की सगळं होतं. आता हा कोपरा तीन घरं उजवीकडं सरकव बघू." मी गुणत बसले. शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच येत होतं. कोपरा जागचा हलेना. तू देठ तोडत म्हणालीस, "हलणारच नाही. शून्याला धरायला काही नाही ना. म्हणून त्याला शेवटी एक जोडायचा. आता तीन बाय तीननं गुण. त्या एकाला तीननं गुणलं की तीन येतात आणि ते एक्समध्ये मिळवले जातात. सरकवणंसुद्धा गुणाकारात बसलं." मला ते इतकं सोपं वाटलं की आधी राग आला. हे एवढंच होतं, तर सांगितलं का नाही कुणी?

दोनचा प्रश्न मात्र पुढं आठवडाभर चालला. एका सकाळी तू मला खिडकीपुढं उभं केलंस, माझा डावा डोळा हातानं झाकलास आणि उजव्या हातात स्केचपेन दिलंस. "समोरच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा काचेवर जिथं दिसतो, तिथं ठिपका दे." मी दिला. "आता त्याच ठिपक्यातून आरपार बघ. टाकीच्या मागं, त्याच रेषेत, काय काय असेल?" मी म्हटलं, देवळाचा कळस असेल, त्यामागं डोंगर. "ते सगळं काचेवर कुठं पडेल?" याच ठिपक्यावर. "झालं तर. काचेवरचा ठिपका एक, पण त्याच्यामागं डोळ्यातून निघालेली अख्खी रेषा. दोन-तीन-एक घे, चार-सहा-दोन घे, वीस-तीस-दहा घे. रेषा तीच, म्हणून ठिपकाही तोच. शेवटच्या आकड्यानं बाकीच्यांना भागलं की ठिपका मिळतो. लांबच्या वस्तूला मोठ्या आकड्यानं भागायचं, म्हणून ती फोटोत लहान दिसते. नामपूर, दोन घेता येतो! सर बरोबर बोलले, त्यांना माहीत नव्हतं एवढंच."

मी तेव्हा वाद घातला होता. दोन-तीन-एक आणि चार-सहा-दोन हे लिहिलंय वेगळं, दिसतं वेगळं, मग तेच कसं? तू म्हणायचीस तेच आहेत. मी म्हणायचे, तेच नाहीत, आपण त्यांना तेच मानतो. तू म्हणायचीस, "मानायचं ठरलं की गणितात तेच झालं." हा वाद संपला नाही. मी अजून माझ्याच बाजूनं आहे, पण आता समोर कुणी नाही.

मग जर्नल. आपल्या विभागात जर्नल कसं लिहितात ते बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. वरच्या वर्गाकडून फाइल घ्यायची आणि उतरवायची. त्यांनी त्यांच्या वरच्यांकडून उतरवलेली असते. एकानं तर मागच्या मुलाचा रोल नंबरसुद्धा उतरवला होता आणि त्यावर सही झाली होती. त्या सगळ्या फायलींत एकच वाक्य आहे: शेवटचा आकडा नेहमी एक असतो. कितव्या बॅचपासून ते चाललंय, कुणालाच माहीत नाही. तू ते वाक्य लिहिलं नाहीस. तू खिडकीचं चित्र काढलंस, डोळा काढलास आणि लिहिलंस की शेवटचा आकडा शून्य सोडून काहीही चालतो आणि शून्य असेल तर त्याचा अर्थ वेगळा. सरांनी लाल पेननं अख्खं पान तिरपं कापलं. खाली लिहिलं, 'इतरांप्रमाणे लिहिणे.'

मी तुला तेव्हा काय म्हटलं होतं, आठवतं? "लिहून टाक ना बाई. मार्क महत्त्वाचे की तुझा डोळा?"

ते वाक्य मी उतरवलं होतं. आणि त्याची शिक्षा मलाच झाली, प्रोजेक्टमध्ये. दिंडोरीला प्रथमेशच्या मामांची द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टरवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा, तो वरून पाहिल्यासारखा सरळ करायचा आणि मेलेल्या झाडांच्या मोकळ्या जागा शोधायच्या, असं आपलं ठरलं होतं. आपण टेपनं चार खुंट्या मोजून ठोकल्या. ओळीओळीत नऊ फूट, झाडाझाडांत पाच. मामा बांधावर उभे राहून हसत होते.

"पोरींनो, कॅम्प्युटरला कशाला विचारता? कुठं झाड नाही ते मी डोळे मिटून सांगतो की."

"मामा, तुम्ही दोन्ही मिटून सांगता. कॅमेऱ्याला निदान एक उघडा लागतो," तू म्हणालीस. मामांनी आपल्याला घडच्या घड द्राक्षं खायला घातली.

कोड मी लिहिला. चार खुंट्यांवरून मॅट्रिक्स काढला, फोटोतल्या प्रत्येक बिंदूला गुणलं, आणि तरीही ओळी लांब जाऊन एकमेकींना चिकटतच राहिल्या. तीन दिवस मी मॅट्रिक्स तपासत होते. तू येऊन पडद्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, "भागलंस का?" मी म्हटलं, कशाला भागायचं, शेवटी एकच असतो ना. तू उत्तराच्या ओळीतला तिसरा आकडा छापून दाखवलास. एक नव्हताच. शून्य पूर्णांक काहीतरी होता, प्रत्येक ठिकाणी वेगळा. भागाकाराची एक ओळ घातली आणि बाग उलगडली. सगळ्या ओळी समांतर, नऊ-नऊ फुटांवर. त्यांतल्या मोकळ्या जागा पडलेल्या दातांसारख्या दिसत होत्या. मी तुला मिठी मारली. तू म्हणालीस, "मला काय मिठी मारतेस, त्या वाक्याला फाशी दे."

आणि शून्याचंही तू तिथंच सांगितलं होतंस, तोच फोटो पुढं ठेवून. ओळी जिथं मिळतात तिथं बोट ठेवायला लावलंस. "फोटोत हा बिंदू आहे, त्याला जागा आहे. पण बागेत चालत जा, ओळी कुठंच मिळणार नाहीत. जमिनीवर त्याचा तिसरा आकडा शून्य. तिथं पोचता येत नाही, नुसतं तिकडं तोंड करता येतं. उगाच अनंत-बिनंत म्हणून हात जोडू नकोस, ती फक्त दिशा आहे." म्हणून सभेतून मी उठून बाहेर गेले. ज्या माणसानं तुझं पान कापलं, त्यानं तुझ्याच समजुतीतला एक तुकडा उचलला, चुकीचा उचलला, आणि तुझ्या ताणलेल्या फोटोसमोर हुंदका काढून वाहिला.

पण आता मला माझ्याबद्दल लिहायचं आहे, आणि तिथं हात अडतो.

प्रोजेक्ट रिपोर्टचं तिसरं प्रकरण तू लिहिलंस. खिडकी, डोळा, दोन-तीन-एक, शून्य, सगळं. तापानं अंग भाजत असताना तू ते संपवलंस आणि गावी गेलीस. मी स्टँडवर सोडायला आले नाही. आपलं त्या सकाळी भांडण झालं होतं, मी म्हटलं होतं की एवढं लांबवलंस कशाला, दोन पानांत झालं असतं. तू पिशवी उचलत म्हणालीस, "तू वाचून तर बघ आधी." तेच शेवटचं. नंतर फोन आला तो तुझ्या चुलत भावाचा, ताप उतरलाच नाही हे सांगायला.

सभेनंतर आठवड्यानं सरांनी मला आणि प्रथमेशला बोलावलं. टेबलावर रिपोर्टचं मुखपृष्ठ होतं, त्यावर तीन नावं.

"हे बघा, वाईट झालं. पण तिचा परीक्षेचा फॉर्म आता रद्द आहे. तीन नावं गेली तर रिपोर्ट ऑफिसातून परत येईल. दोनच ठेवा."

प्रथमेश म्हणाला, "आणि सर, तिसरं चॅप्टर?"

"ते राहू द्या. एक्स्टर्नलना आवडेल."

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "हो सर." नियम कुठं लिहिलाय, हे विचारलं नाही. फाइल माझ्याकडं होती. मी खोलीवर आले, तुझ्या कॉटवर बसले कारण माझ्या कॉटवर कपडे पडले होते, आणि फाइल उघडली. कर्सर तुझ्या नावाच्या शेवटी ठेवला. एकदम निवडून काढता आलं असतं, पण मी एकेक अक्षर खोडलं. नाव खोडल्यावर तिथं मोकळी ओळ राहिली. ती वाईट दिसते म्हणून मी तीही काढली आणि उरलेली दोन नावं मधोमध घेतली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी माझ्या मनानं केलं, नीटनेटकं दिसावं म्हणून. त्या नीटनेटकेपणाची मला जेवढी शिसारी येते, तेवढी सरांचीही येत नाही.

तोंडी परीक्षा झाली. एक्स्टर्नल म्हातारे होते, सावकाश वाचणारे. त्यांनी बरोबर तिसरं प्रकरण उघडलं.

"हे कुणी लिहिलं?"

प्रथमेश म्हणाला, "टीमनं, सर."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं, शेवटचा आकडा शून्य झाला तर?"

मी तुझं वाक्य बोलले. जसंच्या तसं. बागेत चालत जा, ओळी कुठंच मिळणार नाहीत; तिथं पोचता येत नाही, तिकडं नुसतं तोंड करता येतं. एक्स्टर्नलनी चष्मा काढला. "शाब्बास. इतकी वर्षं परीक्षा घेतोय, हे असं कुणी सांगितलं नव्हतं. तुला आतून समजलंय, मुली." सर मागं उभे राहून हसत होते. आणि मी म्हणाले, "थँक यू, सर."

तुझं नाव माझ्या जिभेवर होतं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. नव्हतं. मला त्या क्षणी बरं वाटलं. कुणीतरी मला हुशार म्हटलं होतं, ते मला आवडलं. बाहेर जिन्यात आल्यावर किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यानंतर चार दिवसांनी तुझे बाबा तुझं सामान न्यायला आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. नाक अगदी तुझं. मी चहा केला. त्यांनी ट्रंक बांधली, गोधडी घडी केली. मग म्हणाले, "ती फोनवर सांगायची, आम्ही मोठं पुस्तक करतोय, त्यावर माझं नाव येणार हाय. ते झालं का?"

मी रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. काळा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. त्यांनी हात आधी पायजम्याला पुसले. मग पहिल्या पानावर नावांखाली बोट ठेवून सावकाश वाचू लागले. माझं नाव वाचलं. प्रथमेशचं वाचलं. बोट खाली मोकळ्या कागदावर आलं आणि थांबलं.

"हिचं कुठं हाय?"

"आत आहे, काका."

मी असं का म्हटलं, जयू? ते आत शोधू लागले. एकेक पान उलटत, बोट धरून. त्यांना वाटलं असणार, जाड पुस्तक आहे, असेल कुठंतरी. मी समोर उभी होते आणि त्यांना थांबवत नव्हते. तिसरं प्रकरण आलं, तू काढलेली आपली खिडकी आली. त्या चित्राकडं त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं आणि पान उलटलं. शेवटपर्यंत गेले. मग पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं.

"हे तुमचं हाय, पोरी. राहू दे तुमच्यापाशी. तिचं जे काय असंल ते दे."

आवाजात राग नव्हता. मी तुझं जर्नल शोधून दिलं, लाल पेननं कापलेल्या पानासकट. ते त्यांनी गोधडीच्या घडीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. क्लार्क मॅडमना विचारलं, मुखपृष्ठावर किती नावं असावीत असा काही नियम आहे का. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आम्हाला मार्कलिस्ट बरोबर लागते. मुखपृष्ठावर तुम्ही कुणाचं नाव टाकता याच्याशी आमचा काय संबंध?" म्हणजे परत येणार नव्हताच रिपोर्ट. मी एवढं विचारलं असतं तर. तू आधी तेच विचारलं असतंस.

विभागाच्या कपाटात चार प्रती होत्या. किल्ली शिपाईमावशींकडं असते. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी कपाट उघडून माझ्यासाठी स्टूल ओढून दिलं. मी चारही प्रतींच्या पहिल्या पानावर आमच्या दोघांच्या नावांखाली तुझं नाव लिहिलं. निळ्या पेननं, छापल्यासारख्या अक्षरांत. दुसऱ्या प्रतीवर 'वं' जरा तिरका आलाय. तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला लिहिलं, 'हे प्रकरण जयवंतीनं लिहिलं आहे.'

सरांना दुपारीच कळलं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, सर."

"सही झालेल्या डॉक्युमेंटवर? व्हाइटनर आण आणि आत्ताच्या आत्ता पूस. नाहीतर तुझं सर्टिफिकेट मी बघतो कसं निघतं ते."

मी नुसती उभी राहिले. ते परत म्हणाले, "ऐकू येतंय का?" मी म्हटलं, "येतंय, सर." तरी उभीच राहिले. शेवटी ते तासाला निघून गेले. व्हाइटनर मी आणलेला नाही. उद्या ते स्वतः लावतील कदाचित. मग मी परत लिहीन. एवढंच मला ठरवता आलं आहे, आणि सर्टिफिकेटची भीती वाटते हेही खरं आहे.

तिसरं प्रकरण मी आता नीट वाचलं, जयू. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. दोन पानांत झालं नसतं. तुझं बरोबर होतं. मला जे काही येतं म्हणून त्या एक्स्टर्नलनी शाब्बास म्हटलं, ते तू मेथी निवडता निवडता मला दिलेलं आहे, आणि देताना एकदाही मला मी मागं आहे असं वाटू दिलं नाहीस. हे तुला सांगायचं राहिलं. मी त्या वर्गात हसले होते, हेही राहिलं.

पाचवी प्रत माझी आहे. तिच्यावरही नाव लिहिलंय. रविवारी मी सुरगाण्याची गाडी धरणार आहे, ती तुझ्या बाबांना द्यायला. ते बोट ठेवून वाचतील आणि विचारतील, दोन नावं छापलेली आणि आमच्या पोरीचंच हातानं का? तेव्हा 'आत आहे' असं काही म्हणणार नाही. आधी छापलेलं होतं, काका, आणि ते मीच खोडलं, असं सांगेन.